पितृछायेविना वाढलेला पिता

आज चैत्र शुद्ध पौर्णिमा. पहाटेच गावोगावच्या मारुतीच्या देवळांत कीर्तन रंगले असेल, सूर्यबिंब क्षितिजावर येताच फुले उधळून अंजनीसुताचा जन्म साजरा झाला असेल आणि सुंठवड्याचा प्रसाद घेऊन मंडळी घरोघरी परतली असतील. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तर नांदुऱ्याच्या १०५ फूट उंचीच्या मूर्तीपासून वेशीवरच्या शेंदूर माखलेल्या लहानशा दगडापर्यंत मारुतिराया सर्वत्र उभा आहे. त्याच्यावाचून गाव नाही.

परंतु याच तिथीला आणखी एक स्मरण जोडलेले आहे. शके १६०२ च्या चैत्र शुद्ध पौर्णिमेस, शनिवारी, म्हणजे ३ एप्रिल १६८० रोजी, रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांनी देह ठेवला. आजही रायगडावर शिवपुण्यतिथी याच तिथीस पाळली जाते. बलोपासनेचा दिवस आणि बलोपासनेला सार्थक करणाऱ्या महापुरुषाच्या प्रयाणाचा दिवस एकच असावा, हा योग भाविकांच्या मनाला स्पर्श केल्यावाचून राहत नाही.

महाराजांच्या पराक्रमाच्या कथा आपण सर्वांनी आजी-आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलेल्या आहेत. आज आम्ही त्या थोर चरित्राचे एक निराळे पान वाचकांपुढे ठेवू इच्छितो. महाराज पुत्र म्हणून कसे वाढले आणि पिता म्हणून कसे वागले, हे ते पान होय. ज्यांना लहानपणी वडिलांचा सहवास फार थोडा लाभला, त्यांनी पितृधर्म कोणाकडून शिकावा? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की पावले आपोआप आमच्याच जिल्ह्यातील सिंदखेड राजाकडे वळतात.

सिंदखेडची लेक

सिंदखेड राजा येथे लखुजी जाधवरावांच्या वाड्याचा भव्य दरवाजा आजही उभा आहे. याच वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी, पौष पौर्णिमेस, जिजाऊंचा जन्म झाला, अशी परंपरा आहे. गावात रंगमहाल आहे, मोती तलाव आहे, नीळकंठेश्वराचे प्राचीन देवालय आहे. आणि तेथेच लखुजीरावांची प्रचंड दगडी समाधी आहे. जिजाऊंचे जन्मस्थान पाहण्यास येणाऱ्या प्रत्येकाने या समाधीपुढेही क्षणभर थांबावे, असे आम्हांस वाटते. कारण शिवचरित्रातील पहिले पितृवियोगाचे दुःख येथे विसावलेले आहे.

२५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजीराव मुजऱ्यासाठी गेले असता दगा झाला. लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव असे चौघे भर दरबारात कापले गेले. एका दिवसात जिजाऊंचे माहेर उजाडले. त्या वेळी त्या गरोदर होत्या. सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरी किल्ल्यावर त्यांनी शिवरायांना जन्म दिला. जाधव आणि भोसले या दोन घराण्यांत त्यापूर्वीच वैर पेटले होते. दरबारात उधळलेल्या एका हत्तीवरून झालेल्या झटापटीत दोन्हीकडची तरुण माणसे पडली होती. म्हणजे माहेर आणि सासर यांच्या मधोमध उभी असलेली ही माउली पित्याच्या मृत्यूचे दुःख उराशी धरूनच आई झाली.

शहाजीराजांचीही कथा याहून फार वेगळी नव्हती. त्यांचे वडील मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले, तेव्हा शहाजीराजे अजाण बालक होते. चुलते विठोजीराजे यांनी त्यांना वाढविले. जिजाऊंना पिता अंतरलेला आणि शहाजीराजांनाही पिता अंतरलेला! अशा दोघांच्या पोटी शिवबांचा जन्म झाला. त्या काळी तलवारीवर जगणाऱ्या घरांत बाप म्हातारा होऊन अंथरुणावर गेला, असे क्वचितच घडत असे.

वाऱ्यासारखा पिता

मारुतीला आपण अंजनीसुत म्हणतो आणि पवनसुतही म्हणतो. अंजनी बाळाजवळ असते. पवन दिसत नाही, परंतु त्या बाळाच्या प्रत्येक उड्डाणात त्याचे बळ असते. शिवबांच्या बाळपणाकडे पाहताना आम्हांस नेमकी हीच गोष्ट आठवते.

शिवबांचा जन्म झाला त्या काळात शहाजीराजांना क्षणाची उसंत नव्हती. कधी निजामशाही, कधी मोगल, कधी आदिलशाही असा तो धामधुमीचा काळ होता. निजामशाही बुडू लागली, तेव्हा १६३३ मध्ये संगमनेरजवळच्या पेमगिरीवर त्यांनी निजामशहाच्या वंशातील एका मुलाला गादीवर बसविले आणि त्याच्या नावाने राज्य चालविले. त्या अल्पवयीन शहाला मांडीवर घेऊन राजे दरबारात बसत, असे सांगतात. इकडे त्यांचे स्वतःचे तीन वर्षांचे बाळ आईबरोबर एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर फिरत होते. दैवाची ही केवढी विसंगती! परक्याच्या लेकराला मांडी मिळाली आणि आपल्या लेकराच्या वाट्याला वाट पाहणे आले.

१६३६ मध्ये माहुलीच्या पाडावानंतर निजामशाही संपली. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले आणि कर्नाटकाच्या मोहिमेवर निघाले. पुढे बंगळूर हेच त्यांचे ठिकाण झाले. थोरले पुत्र संभाजीराजे पित्याजवळ राहिले. राजांच्या दुसऱ्या राणी तुकाबाई यांच्या पोटी व्यंकोजीराजांचा जन्म झाला व तेही तेथेच वाढले. मधल्या काळात जिजाऊ व शिवबा काही दिवस बंगळुरास राहून आले खरे, परंतु पुन्हा पुण्याच्या जहागिरीवर परतले. यापुढे पिता-पुत्रांमध्ये शेकडो कोसांचे अंतर कायमचे पडले.

येथे शहाजीराजांवर अन्याय होता कामा नये. त्यांनी पुत्राला रिकाम्या हाताने पाठविले नाही. पुण्याची जहागीर दिली, दादोजी कोंडदेवांसारखे कारभारी दिले, पेशवे, मुजुमदार, डबीर अशी जाणती माणसे दिली, हत्ती, घोडे आणि निशाण दिले. एक संपूर्ण राज्ययंत्रच त्यांनी बाराचौदा वर्षांच्या मुलाच्या हाती सोपविले. परंतु रोजचा सहवास मात्र त्यांना देता आला नाही.

ही पोकळी जिजाऊंनी कशी भरून काढली, हे पाहण्यासारखे आहे. अनुपस्थित पित्याविषयी मुलाच्या मनात कडवटपणा पेरणे कोणत्याही आईला सोपे असते. त्यांच्याजवळ तसे कारणही होते. तथापि त्यांनी तसे केले नाही, याचा पुरावा दगडावर कोरल्यासारखा स्पष्ट आहे. शिवाजी महाराजांची संस्कृत राजमुद्रा सर्वांच्या परिचयाची आहे. प्रतिपदेच्या चंद्रकलेप्रमाणे वाढत जाणारी, विश्वाला वंद्य अशी ही मुद्रा शहाजीपुत्र शिवाची आहे, असा तिचा आशय. १६४६ च्या सुमाराच्या पत्रांवर ती उमटलेली आढळते. सोळा वर्षांच्या त्या मुलाने राज्यकारभाराच्या कागदावर आपली ओळख शहाजीचा पुत्र अशी दिली आणि पुढे छत्रपती झाल्यावरही ती मुद्रा टाकली नाही. ज्या पित्याचे दर्शन वर्षानुवर्षे घडत नव्हते, त्याचे नाव त्यांच्या पत्रापत्रांवर उमटत राहिले. पिता घरात नसला तरी घराने त्याचा मान राखला होता. आमच्या मते महाराजांच्या पितृधर्माचा पहिला धडा हाच होय आणि तो सिंदखेडच्या लेकीने दिलेला आहे.

पुत्रधर्माची कसोटी

या संस्काराची परीक्षा लवकरच झाली. १६४८ मध्ये आदिलशाही सेनापती मुस्तफाखान याने जिंजीच्या छावणीत शहाजीराजांना कैद केले. पुत्राच्या बंडाचा जाब पित्याला विचारला जाणार, हे उघड होते. महाराज अवघे अठरा वर्षांचे होते. एका पारड्यात नुकतेच मांडलेले स्वराज्य आणि दुसऱ्या पारड्यात क्वचितच भेटलेला पिता! महाराजांनी बुद्धी आणि त्याग या दोहोंचा आश्रय घेतला. मोगलांचा शहाजादा मुरादबक्ष याच्याशी पत्रव्यवहार सुरू करून त्यांनी विजापूरवर दडपण आणले आणि अखेरीस मोलाचा कोंढाणा किल्ला सोडून दिला. १६४९ मध्ये शहाजीराजे सुटले. पित्यासाठी सोडलेला किल्ला पुन्हा मिळविता येतो, परंतु किल्ल्यासाठी सोडलेला पिता पुन्हा मिळत नाही, हे त्या तरुण पुत्राला कळले होते.

पुढे, १६६१-६२ च्या सुमारास शहाजीराजे महाराष्ट्रात आले. पिता-पुत्रांची भेट जेजुरीच्या खंडेरायाच्या सान्निध्यात झाली, अशी परंपरा आहे. बखरकार सांगतात की महाराज पित्याच्या पालखीबरोबर अनवाणी चालले. अफजलखानाचा वध करणारा, अवघ्या दक्षिणेत नाव गाजलेला हा वीर त्या दिवशी केवळ एक लेक होता. राहून गेलेल्या वर्षांचा हिशेब त्याने मागितला नाही.

२३ जानेवारी १६६४ रोजी कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला. अखेरच्या क्षणी पुत्र जवळ नव्हता. जिजाऊ सती जाण्यास निघाल्या, तेव्हा महाराजांनी त्यांच्या पायांना मिठी घालून त्यांना मागे फिरविले, असे बखरी सांगतात. पिता गेला, आता आईही जाऊ नये, ही त्या पुत्राची आर्तता होती. शिवाय रायांच्या या विनवणीमागे आणखी एका मुलाचा विचार असला पाहिजे. राजगडावर साडेसहा वर्षांचे एक आईवेगळे लेकरू आजीच्या पदराला धरून उभे होते.

आईवेगळ्या लेकराचा बाप

ते लेकरू म्हणजे शंभुराजे. त्यांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. महाराजांच्या थोरल्या बंधूंचे नाव संभाजी होते व ते कनकगिरीच्या रणात पडले होते. तेच नाव बाळाला मिळाले. सईबाईंची प्रकृती ढासळली, बाळाला दुधासाठी कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातील धाराऊ दूध-आई म्हणून आणावी लागली. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाईंचे निधन झाले. अफजलखानाचे प्रचंड सैन्य तेव्हा स्वराज्यावर चालून आले होते. पत्नीच्या वियोगाचे दुःख करण्यासही महाराजांना सवड नव्हती. सव्वादोन वर्षांचे बाळ जिजाऊंच्या स्वाधीन झाले.

महाराजांना सहा मुली आणि दोन मुलगे होते. धाकटे राजाराम महाराज २४ फेब्रुवारी १६७० रोजी जन्मले, तेव्हाची एक हृद्य कथा बखरीत येते. बाळ पालथे जन्मले म्हणून वाड्यात सर्वांची तोंडे उतरली, अपशकुनाची कुजबूज सुरू झाली. महाराजांना हे कळताच ते प्रसन्न झाले आणि हा मुलगा दिल्लीची पातशाही पालथी घालील, असा त्यांनी त्या जन्माचा अर्थ लावला. क्षणात वाड्यातील भीतीचा आनंद झाला. मुलाच्या कपाळी जगाने अशुभ लिहावे आणि बापाने ते पुसून तेथे शुभ लिहावे, याहून मोठा आशीर्वाद कोणता?

शंभुराजांच्या शिक्षणातही पित्याने कसूर ठेवली नाही. शस्त्रविद्येबरोबर त्यांना संस्कृताचे उत्तम अध्ययन घडविले. त्याचे फळ म्हणजे शंभुराजांनी स्वतः रचलेला बुधभूषण हा संस्कृत ग्रंथ. त्यात त्यांनी आजोबा शहाजीराजे आणि पिता शिवराय यांचा गौरव केलेला आहे. राजमुद्रेत शिवरायांनी पित्याला वंदन केले, ग्रंथात शंभुराजांनी पित्याला आणि आजोबांना वंदन केले. सिंदखेडच्या लेकीने लावलेला वेल असा दुसऱ्या पिढीत फुलला.

आग्र्याची वाट

जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. महाराजांना तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले आणि बारा उरले. परंतु त्या तहातील सर्वांत जड कलम किल्ल्यांचे नव्हते. आठ वर्षांच्या शंभुराजांच्या नावे पाच हजारांची मनसब ठरली आणि त्यांना ओलीस म्हणून मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत पाठवावे लागले. ज्याचे स्वतःचे बाळपण राज्याराज्यांच्या राजकारणात पित्याला पारखे झाले, त्याच्याच पुत्रावर आता ती पाळी आली होती.

पुढील वर्षी महाराज आग्र्यास निघाले तेव्हा शंभुराजे त्यांच्याबरोबर होते. १२ मे १६६६ रोजी औरंगजेबाच्या दरबारात महाराजांचा अपमान झाला, त्यांनी भर दरबारात आपला संताप प्रकट केला आणि त्यांच्या निवासाभोवती पहारे बसले. दोन दिवसांनी शंभुराजांचे नववे वर्ष पूर्ण झाले. परक्या मुलखात, शत्रूच्या पहाऱ्यात बापलेक एका छताखाली होते. मरण केव्हाही दारात येईल अशी ती वेळ होती. महाराज पुन्हा दरबारात गेले नाहीत, पण नऊ वर्षांचे शंभुराजे रामसिंगाबरोबर दरबारात जात राहिले. पित्याने पुत्रावर केवढा विश्वास टाकला होता आणि पुत्राने तो कसा पेलला, हे यावरून दिसते. शिवरायांना नवव्या वर्षी जे मिळाले नव्हते, ते संकटाच्या रूपाने का होईना, शंभुराजांना मिळाले. तो होता पित्याचा अष्टौप्रहर सहवास.

१७ ऑगस्ट १६६६ रोजी बापलेक पहाऱ्यातून निसटले. मिठाईच्या पेटाऱ्यांची ती कथा येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. आम्हांस त्यापुढचा प्रसंग अधिक मोठा वाटतो. लहान मुलाला घेऊन हजारो स्वारांना चुकवीत दक्षिण गाठणे अशक्य होते. तेव्हा मथुरेत मोरोपंत पेशव्यांचे आप्त कृष्णाजी, काशीपंत व विसाजीपंत या त्रिमल बंधूंच्या घरी शंभुराजांना ठेवून महाराज वेषांतर करून पुढे निघाले. आपण पुत्राला सोडून जात आहोत, तोही शत्रूच्या प्रदेशात, हे जाणून त्यांनी पाऊल कसे उचलले असेल? कृष्णाच्या जन्मभूमीत घडलेल्या या प्रसंगी वसुदेवाची आठवण कोणास होणार नाही! तोही लेकराला वाचविण्यासाठीच त्याला परक्या घरी ठेवून माघारी फिरला होता.

महाराज सुखरूप राजगडी पोहोचले. शंभुराजे वाटेत निवर्तले, अशी आवई त्यांनी उठविली, म्हणजे मोगलांनी मुलाचा शोध सोडावा. जिवंत मुलाच्या मृत्यूची वार्ता बापाने आपल्या मुखाने सांगावी, हे विष त्यांनी त्याच्या प्राणांसाठी पचविले. त्याच वर्षी त्रिमल बंधूंनी शंभुराजांना सुखरूप आणून पित्याच्या हाती दिले. महाराजांनी त्यांचा मोठा सन्मान केला.

अंतर पडले

चरित्र सांगताना केवळ उजेड दाखवावा आणि सावली लपवावी, हे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. तसे केले तर थोर पुरुष देव्हाऱ्यात राहतात, घरात येत नाहीत. पिता म्हणून महाराजांच्या आयुष्यातही सावलीचा एक काळ आला.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला व शंभुराजे युवराज झाले. त्यानंतर अकराच दिवसांनी, १७ जून रोजी, पाचाड येथे जिजाऊंनी डोळे मिटले. बापलेकांच्या मधला दुवा निखळला. पुढे १६७६ मध्ये महाराज कर्नाटकाच्या दिग्विजयास निघाले, तेव्हा युवराजांना बरोबर न नेता कोकणात शृंगारपुरास ठेवले गेले. रायगडावरील कारभारी मंडळींशी युवराजांचे पटत नव्हते, वारशाचा प्रश्नही मनामनांत घोळत होता. महाराज दक्षिणेत दीड-दोन वर्षे गुंतून राहिले. आग्र्याच्या मरणसंकटात ज्याचे बोट सोडले नाही, त्या पुत्रापासून विजयाच्या काळात मात्र पिता दुरावला.

योगायोग असा की याच मोहिमेत महाराजांना आपल्या पित्याच्या कर्नाटकातील संसाराशी सामना करावा लागला. व्यंकोजीराजांशी पित्याच्या दौलतीवरून तंटा झाला. परंतु पुढे व्यंकोजीराजे विरक्त होऊन कामधाम सोडून बसले, असे कळताच महाराजांनी त्यांना वडीलकीच्या मायेने पत्र पाठवून पुन्हा कर्तृत्वास प्रवृत्त केले. धाकट्या भावाच्या मनाची अवस्था त्यांना शेकडो कोसांवरून कळली. स्वतःच्या मुलाच्या मनात काय चालले आहे, हे मात्र वेळेवर कळले नाही. मोठमोठ्या कर्त्या पुरुषांच्या घरी हे घडते. जगाची दुःखे त्यांना दिसतात, उंबऱ्याच्या आतले दिसण्यास उशीर होतो.

१६७८ मध्ये शंभुराजांना सज्जनगडावर पाठविण्यात आले. त्या डिसेंबरात एकवीस वर्षांचे युवराज तेथून निघाले आणि मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले. महाराष्ट्राच्या इतिहासातील ही एक अत्यंत दुःखद घटना. एप्रिल १६७९ मध्ये दिलेरखानाने भूपाळगड घेतला आणि कैद झालेल्या सातशे जणांचा एकेक हात तोडला. शंभुराजांच्या डोळ्यांदेखत हे क्रौर्य घडत गेले. तिकोटा आणि अथणीच्या रयतेची दैना त्यांनी पाहिली. त्यांचे मन फिरले. वर्षाच्या अखेरीस ते छावणीतून निसटून विजापूरमार्गे पन्हाळगडावर येऊन दाखल झाले.

पन्हाळ्याची भेट

पुत्र परतला, त्या सुमारास पिता कोठे होता? नोव्हेंबर १६७९ मध्ये महाराजांनी मोगलांची जालन्याची संपन्न पेठ मारली. जालन्याहून सिंदखेड राजा अवघे दहा कोस. महाराजांची ही शेवटची मोठी स्वारी त्यांच्या आईच्या माहेराच्या इतक्या जवळ झाली! परतताना संगमनेरजवळ मोगलांशी भीषण लढाई झाली, चांगली माणसे पडली आणि बहिर्जी नाईकाने आडवाटेने फौज पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेली. देह थकलेला, मनावर वर्षभराचा घाव. अशा वेळी शंभुराजे परत आल्याची वार्ता आली.

राजा म्हणून महाराज काहीही करू शकले असते. शत्रूला मिळणाऱ्यास त्या काळी कोणती शिक्षा होती, हे सर्वांस ठाऊक आहे. युवराजांना बेड्या घालून रायगडी आणविण्याचा हुकूम सुटला असता, तरी कोणी बोट दाखविले नसते. परंतु जानेवारी १६८० मध्ये महाराज स्वतः पन्हाळ्यास गेले. अपराध पुत्राचा होता, तरीही वाट पित्याने चालली. त्यांनी शंभुराजांना जवळ घेतले, त्यांची समजूत घातली, राज्याचा हिशेब त्यांच्यापुढे मांडला. दोघा पुत्रांना राज्य कसे वाटून द्यावे, याचाही विचार त्यांनी बोलून दाखविला, असे सभासदाने आपल्या बखरीत नमूद केले आहे. पन्हाळ्याचा गड शंभुराजांकडेच राहिला.

आम्हांस शिवचरित्रातील हा प्रसंग प्रतापगडाइतकाच थोर वाटतो. जेजुरीस वृद्ध पित्याच्या पालखीबरोबर अनवाणी चालणारा पुत्र आणि पन्हाळ्यास चुकलेल्या पुत्रासाठी गड चढणारा पिता, हे एकच शिवराय आहेत. पिता दूर राहिला म्हणून त्यांनी पित्यावर राग धरला नाही. पुत्र दूर गेला म्हणून पुत्रावरही तो धरला नाही. दोन्ही वेळा मधले अंतर त्यांनी स्वतः चालून संपविले.

पौर्णिमेचा चंद्र

पन्हाळ्याहून महाराज रायगडी आले. मार्च १६८० मध्ये दहा वर्षांच्या राजाराम महाराजांची मुंज व विवाह झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत महाराज आजारी पडले आणि चैत्री पौर्णिमेस त्यांनी इहलोक सोडला. शंभुराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. शहाजीराजांच्या अखेरीस शिवराय जवळ नव्हते, शिवरायांच्या अखेरीस शंभुराजे जवळ नव्हते. नियतीने हे एक दुःख मात्र दोन्ही पिढ्यांना सारखेच दिले. फरक एवढाच की पन्हाळ्याची भेट घडून गेली होती. मनात सलणारे काही उरले नव्हते.

त्या भेटीचे फळ पुढील नऊ वर्षांनी दाखविले. शंभुराजांनी औरंगजेबाच्या प्रचंड सामर्थ्याशी अखंड झुंज दिली आणि ११ मार्च १६८९ रोजी अनन्वित यातना सोसून, न वाकता मरण पत्करले. एकदा मोगलांच्या छावणीत गेलेल्या युवराजाने दुसऱ्या वेळी त्याच मोगलांपुढे मान तुकविली नाही. बापाने पदरात घेतलेला मुलगा असा उभा राहतो. त्यांच्यामागे त्यांचे सात वर्षांचे पुत्र शाहूराजे शत्रूच्या कैदेत गेले आणि अठरा वर्षांनी सुटले. त्यांनाही पित्याची छाया लाभली नाही. भोसले कुळाच्या पिढ्यान् पिढ्यांनी महाराष्ट्रासाठी काय मोजले, हे यावरून ध्यानी यावे.

आमच्या जिल्ह्यातून आजही कितीतरी बाप पोटासाठी पुण्या-मुंबईकडे जातात आणि सणावाराला परततात. कितीतरी घरांत मुले आईच्या, आजीच्या हाताखाली वाढतात. कित्येक जण स्वतः पित्याविना वाढून आज बाप झाले आहेत आणि आपल्याला कोणी दाखविलेच नाही ते आपण कसे करावे, या चिंतेत आहेत. त्या सर्वांसाठी आजच्या दिवशी शिवचरित्राचे हे पान उघडावेसे वाटले. दूर असलेल्या बापाचे नाव घरात गोडीने निघावे, हे जिजाऊंनी शिकविले. संकटात लेकराला विश्वासाने बरोबर घ्यावे, हे आग्र्याने शिकविले. आणि चूक कोणाचीही असो, अंतर पडले तर बापाने आधी पाऊल उचलावे, हे पन्हाळ्याने शिकविले. पितृधर्म वारशाने मिळाला नाही तरी आचरणाने मिळविता येतो, याची साक्ष शिवरायांचे सारे आयुष्य देते.

आज सायंकाळी मारुतीच्या देवळात जाल तेव्हा मुलाला खांद्यावर घ्या. पूर्वेला चैत्री पौर्णिमेचा चंद्र उगवलेला असेल. शहाजीपुत्र शिवाच्या मुद्रेत प्रतिपदेची जी चंद्रकोर आहे, तीच वाढून पूर्ण झाल्यावर अशी दिसते, एवढे त्याला सांगा आणि त्या दोघा बापलेकांची ही गोष्ट त्याच्या कानी घाला.